मीटरबाबूंचे पाय

मीटरबाबू समोरच्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी बोटांकडे. तुम्ही नमस्काराला हात पुढे केलात की ते तो हातात घेत, करंगळीशेजारचं बोट वेगळं करत, त्याचं टोक दाबून बघत आणि विचारत, "काढू का एक थेंब?" मग तो टपालवाला असो, की लग्नाच्या मांडवात पहिल्यांदाच भेटलेला कुणी व्याही. शर्टाच्या ज्या खिशात बाकीचे लोक चष्मा ठेवतात, त्या खिशात त्यांचं रक्तातली साखर मोजायचं यंत्र असायचं. पॅन्टच्या एका खिशात नव्या सुया, दुसऱ्या खिशात वापरलेल्या सुया टाकायला पत्र्याची डबी. एकाची सुई दुसऱ्याला लावायची नाही, या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत.

नागपूरच्या कोराडी रोडवर माझं नाश्त्याचं दुकान आहे. आज त्यात टेबलं आहेत, पंखे आहेत, पण सुरुवात बसस्टॉपजवळ एका स्टोव्हवर झाली. मी कुहीकडच्या खेड्यातली. भांडल्याशिवाय मला या शहरात काही मिळालेलं नाही, त्यामुळे भांडायची सवय लागली आणि ती मला आवडते. कळमन्याच्या बाजारात कांदेवाला मला दुरून पाहिलं की भाव खाली आणूनच बोलायला लागतो. अशा मला मीटरबाबूंनी एकदा फसवलं. त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. तो वाचला असता, वेळ होता, आणि त्यावरून त्यांच्याशी माझं जे भांडण आहे ते अजून मिटलेलं नाही. लोक त्यांच्याबद्दल गोड बोलतात, बोलू देत. मी जसं झालं तसं लिहिणार आहे.

ते कोराडीच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. नोकरीभर काट्यांसमोर बसले. दर तासाला काटा बघायचा, आकडा लिहायचा, काटा हलला तर का हलला ते शोधायचं. निवृत्त झाले तेव्हा म्हणे पहिले काही महिने ते घरातल्या घड्याळासमोरच खुर्ची टाकून बसायचे. मग कुठल्याशा तपासणीत त्यांना शुगर निघाली. दुसरा कुणी घाबरला असता. यांना आनंद झाला. ज्या माणसाचे सगळे काटे ऑफिसनं काढून घेतले होते, त्याला स्वतःच्या अंगात एक नवा काटा सापडला होता. त्याच संध्याकाळी यंत्र विकत आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात पंख्याखालच्या टेबलावर येऊन बसले. ते टेबल पुढे कायमचं त्यांचं झालं.

त्यांचे प्रयोग चालायचे. एक दिवस तर्री पोहे खायचे आणि दोन तासांनी बोट टोचायचं. दुसऱ्या दिवशी नुसते पोहे. तिसऱ्या दिवशी नुसती तर्री, म्हणजे तो झणझणीत चण्याचा रस्सा, वाटीत घेऊन चमच्यानं. मला वाटलं, तेल आणि तिखट पाहून ते तर्रीलाच दोष देणार. पण एका सकाळी ते काउंटरशी आले आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "मालकीणबाई, तर्री निर्दोष आहे. पोहेच चढवून राहिले."

माझं दुकान पोह्यांवर उभं आहे. मी म्हटलं, हे वाक्य पुन्हा माझ्या दुकानात काढायचं नाही. ते म्हणाले, वाक्य त्यांचं नाही, यंत्राचं आहे. मग त्यांनी सौदा मांडला. त्यांच्या प्लेटमध्ये पोहे निम्मे आणि चणे दुप्पट. मी म्हटलं, पोहे काय भावानं येतात आणि चणे काय भावानं, हे ठाऊक आहे का? ते म्हणाले, मग वरची शेव काढून घे. मी म्हटलं, शेव माझी शोभा आहे. अर्धा तास चाललं. आम्ही दोघं सुरू झालो की गिऱ्हाइकं चहा थंड करून ऐकत बसायची. शेवटी कांदा जास्त, शेव बंद, चणे दीडपट, यावर मिटलं. एका ट्रकवाल्यानं तीच प्लेट मागितली, मग दुसऱ्यानं. आता पाटीवर 'मीटर प्लेट' म्हणून वेगळी लिहिलेली आहे. ती खपते, पण मला त्यात काही फार सुटत नाही, हेही सांगून ठेवते.

माझं बोट त्यांनी पहिल्याच आठवड्यात मिळवलं. फुकट नाही. दुकानाचा पंखा दुरुस्त करून दिला, त्याच्या बदल्यात. आकडा पाहून त्यांनी माझ्या चहाजवळचा साखरेचा चमचा उचलला, पुसला आणि खिशात घातला. दुसऱ्या दिवशी नवा चमचा ठेवला, तोही नेला. शेवटी शालू, माझ्याकडे कांदे चिरते ती, म्हणाली, "ताई, साखर सोडा नाहीतर चहा हातानं ढवळायची पाळी येईल." मी साखर कमी केली. त्यांच्यामुळे नाही, चमच्यांमुळे.

दुकानात येणाऱ्या कुणाचं बोट सुटलं नाही. कोळशाच्या ट्रकचे ड्रायव्हर, कॉलनीतले बाबू, घरकामाला जाणाऱ्या बाया, सगळ्यांची. शुगर म्हणजे पोटवाल्यांचा, गाडीतून फिरणाऱ्यांचा रोग, अशी माझी समजूत होती. पण मीटरबाबूंच्या यंत्रावर तसं दिसेना. पलीकडच्या गोदामाचा वॉचमन काडीसारखा वाळलेला, त्याचा आकडा पाहून मीटरबाबूंनी यंत्र हलवून पाहिलं, पुन्हा मोजलं. आकडा तोच. उलट एक ढोली शिक्षिका यायची, तिचं सगळं ठीक. त्या दिवशी ते काही खाल्ल्याशिवाय बसून राहिले. चुकीचा काटा दिसला की त्यांना भूक लागत नसे.

मीच एकदा त्यांना अडवलं. माझा बाप जन्मभर भातावर जगला. सकाळी भात, रात्री भात, मध्ये भाताची पेज. त्याला कधी काही झालं नाही. मग भात वाईट कसा? "त्याले काहून नाही झालं, सांगा?"

या प्रश्नानं ते इतके खूश झाले की बिल देताना सुट्टे घ्यायला विसरले. नंतर दोन-तीन दिवस आले नाहीत. आले ते थेट काउंटरशी. "तुझा बाप भात खाऊन कुठे जायचा?"

"बांधीत. धानाच्या चिखलात. अजून कुठे?"

"हा तुझा वॉचमन?"

"खुर्चीवर."

"आमच्या प्लँटमध्ये विजेचा लोड उतरला की कोळसा कमी करतात. माणसाचा लोड उतरला वं, अन् कोळसा तेवढाच चालू आहे. वरून कोळसा कसा, तर धुतलेला, बारीक, भर्रकन जळणारा. तुझ्या बापाच्या तांदळाले कोंडा होता. याले काही नाही. रात्रभर ड्युटी, रात्रभर गोड चहा अन् टोस्ट."

मी म्हटलं, मग सगळ्याच वॉचमनना व्हायला पाहिजे. गोदामाचा दुसरा वॉचमन तसाच बसतो, तेच खातो, त्याला नाही. मीटरबाबूंनी मान हलवली. "हो ना. तेच तर समजून नाही राहिलं." समजत नाही असं सांगताना लोकांचं तोंड उतरतं. यांचं उजळायचं.

नवरात्रात मात्र आमचं चांगलंच जुंपलं. नागपूरहून लोक कोराडीच्या देवीला पायी जातात, बरेचसे अनवाणी, आणि माझ्या दुकानावरून जातात. ते नऊ दिवस माझे कमाईचे. साबुदाण्याची उसळ, म्हणजे खिचडी, साबुदाणा वडे, बटाट्याची भाजी. मीटरबाबूंनी काय करावं? उपवास करणाऱ्या पाच-सहा जणांना बसवलं, उसळीच्या आधी मोजलं, उसळीनंतर मोजलं, आणि भर गर्दीत जाहीर केलं की उपवासाच्या दिवशी यांची साखर जेवणाच्या दिवसापेक्षा जास्त आहे. रांगेतल्या दोन बाया उसळ न घेता पुढे गेल्या. मी झारा हातात घेऊन बाहेर आले आणि त्यांना माझ्या खुर्चीवरून उठायला सांगितलं. ते उठले. उभे राहून म्हणाले, "बापा, मी देवीले काही नाही म्हटलं. साबुदाण्याले म्हटलं." दुसऱ्या दिवशी मी भगर आणि शेंगदाण्याची आमटीही ठेवायला लागले. ते आले, भगरीवर प्रयोग करायला बसले. खाल्ल्यावर आकडा पाहून म्हणाले, "ही थोडी बरी आहे, पण फार नाही. आमटी मात्र चांगली." माझ्याकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

त्यांची बायको, कुंदाकाकू, शांत बाई. कधीतरी संध्याकाळी दोघं बरोबर यायची. मीटरबाबू बोलत, काकू ऐकत आणि मध्येच त्यांच्या शर्टावरचे पोह्यांचे दाणे टिपत. नवरात्राचे नऊही दिवस दोघं अनवाणी देवीला जात. ते काकूंचं व्रत होतं, मीटरबाबू सोबतीला. मग काकू गेल्या, मेंदूतली नस फुटून, एका दुपारी. बीपीचं यंत्र त्यांच्या घरी नव्हतं. काकूंना कधी डोकेदुखीची तक्रार करताना कुणी ऐकलं नव्हतं आणि मीटरबाबू साखरेत इतके गुंतलेले की दुसरं यंत्र आणायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही. ते त्यांनी तेराव्यानंतर आणलं आणि त्यानंतर माझ्या दुकानात बोटाबरोबर दंडही द्यावा लागायचा.

पुढच्या नवरात्रात ते एकटेच चालायला लागले, काकूंच्या नावानं. सकाळी उशिरा निघायचे, भर उन्हात परत यायचे. दसऱ्याच्या आधीचं आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना डांबर कसं तापतं ते सांगायला नको. सहाव्या दिवशी ते आले, टेबलाशी बसले, बिनसाखरेची कॉफी मागितली. मी बघितलं तर दारापासून टेबलापर्यंत फरशीवर ओले डाग. शालूला ओरडले, पाणी कुणी सांडलं? ती फडकं घेऊन आली, वाकली आणि वाकल्यावाकल्या थांबली. डागांत लाल होतं. एक डाग, एक पाऊल सोडून पुन्हा डाग. एकाच पायाचे.

मी त्यांना पाय उचलायला लावला. तळव्याचा फोड फुटून कातडी बाजूला झाली होती, आणि मध्ये खडा रुतला होता. मी खडा काढला. ते माझ्या हाताकडे बघत होते, जसं दुसऱ्याच्या पायाचं काही चाललंय. बोटानं स्वतः दाबून पाहिलं. "पाह्य ना, दुखत नाही."

मी म्हटलं, शुगरनं पायाची जाणीव जाते, दुखत नाही हेच तर वाईट आहे, हे मला तुम्हीच शिकवलंय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. ऑटो थांबवला. ते म्हणाले, घरी जाऊन कार्ड घेतो आणि जातो. मी ऑटोवाल्याला सांगितलं, यांना घरी थांबवून मग दवाखान्यात ने. दुसऱ्या दिवशी ते बूट-मोजे घालून आले. म्हणाले, डॉक्टरनं पाहिलं, मलम दिलं, किरकोळ आहे. मी विचारलं, कोणता डॉक्टर? त्यांनी नाव सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाला? त्यांनी तेही सांगितलं. आकड्यात या माणसानं कधी लबाडी केली नव्हती. स्वतःची साखर वाढली तर भर दुकानात सांगायचे. मी विश्वास ठेवला. तेलाच्या डब्याचं सील दोनदा तपासणारी बाई मी, त्यांच्या मोज्याकडे पाहून गप्प बसले. ते दवाखान्यात गेलेच नव्हते. घरी जाऊन हळद लावली होती, ऑटोवाल्याला पैसे देऊन परत पाठवलं होतं, आणि नवमीपर्यंत रोज मागच्या रस्त्यानं देवीला चालत गेले होते. अनवाणी. मोजे फक्त माझ्या दुकानापुरते.

दसऱ्यानंतर थोड्या दिवसांनी ते टेबलाशी बसले असताना मला वास आला. शालूलाही आला, तिनं कांद्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मोजा काढला. त्यापुढचं मी लिहीत नाही. त्याच दिवशी भरती केलं, पुण्याहून मुलगा आला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पाय ठेवला तर माणूस जाईल.

ऑपरेशन झाल्यावर मी भेटायला गेले. डब्यात काही नेलं नव्हतं, रागानं. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाची साखर त्यांनी एव्हाना मोजून टाकली होती, त्याच्या बायकोचीही. मी स्टूल ओढलं आणि विचारलं, "दवाखान्यात काहून नाही गेले जी? मले खोटं काहून सांगितलं?"

त्यांनी हातातलं यंत्र उशीखाली सरकवलं. मग म्हणाले, "गेलो असतो तर चालणं बंद केलं असतं डॉक्टरनं. तीन दिवस उरले होते तिचे."

मी म्हटलं, काकूंनी स्वतःच तुम्हाला चालू दिलं नसतं. त्यावर ते हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"कंट्रोल रूममध्ये आपण खुर्चीवर राहतो, मालकीणबाई. खाली एक माणूस फिरत राहतो. पाइपाले हात लावून पाहतो, वास घेतो, आवाज ऐकतो, अन् फोन करून सांगतो. काट्यावर येईपर्यंत त्याले माहीत झालं राहते." चादर उरलेल्या पायावर ओढली. "कुंदा रोज झोपताना माझ्या पायाले तेल लावत होती. मी कधी पाह्यलंच नाही आपल्या पायाकडे. ते तिच्याकडे होतं."

मला आणखीच राग आला. मी दुकानात रोज सकाळी होते. शालू होती. पाय दाखवायला त्यांना लाज वाटली असेल तर बोटं धरताना कुठे वाटत होती? हे सगळं मी त्यांना तिथे वॉर्डात ऐकवलं. नर्स येऊन मला बाहेर जायला सांगून गेली.

मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी गाडी माझ्या दुकानासमोर थांबली. मीटरबाबू मागच्या सीटवर, एका बाजूला कुबड्या. लोक भेटायला गोळा झाले, त्यांनी खिडकीतून दोघाचौघांची बोटं दाबून पाहिली. मी दार उघडलं आणि रस्त्यावर बसले. त्यांचा उजवा पाय बाहेर घेतला, चप्पल काढली, मांडीवर ठेवला आणि बोटांच्या बेचक्यांसकट सगळा पाहिला. मुलगा अवघडला. त्याची बायको मात्र गाडीला वळसा घालून आली आणि माझ्याशेजारी बसली. मी तिला टाच दाखवली, तळवा दाखवला, कुठे लालसर झालं तर काय समजायचं ते सांगितलं. "रोज. ते नाही म्हणतील. ऐकायचं नाही." मीटरबाबू वरून म्हणाले, "मालकीण, रस्त्यात ट्रॅफिक जाम होऊन राहिला." मी म्हटलं, होऊ द्या.

त्यानंतर रोज सकाळी पहिली गर्दी ओसरली की मी पुण्याला फोन लावायची, चेहरा दिसतो तो. सून फोन खाली न्यायची आणि माझ्या फोनभर एक तळवा. गिऱ्हाइकं विचारायची, ताई, हे काय पाहून राहिल्या? मी सांगायची, मीटरबाबू. तळवा बघून झाला की मग चेहरा. त्या सोसायटीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची साखर त्यांना पाठ झाली होती. तिकडचे पोहे गोड असतात, अशी त्यांची तक्रार होती. तिकडे तर्री मिळत नाही, हे त्यांच्या मते पुण्याच्या तब्येतीला घातक होतं.

मग एका सकाळी फोन उचलला सुनेनं, आणि तळवा दाखवला नाही. रात्री झोपेत हृदय थांबलं होतं. शुगरवाल्यांना छातीत कळ येतेच असं नाही, हे डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला नंतर सांगितलं. ती रडत रडत म्हणाली, "ताई, पाय मात्र शेवटपर्यंत स्वच्छ होता." ती मला धीर द्यायला म्हणाली, मला कळतं. पण मी त्या पायाचं काय करू? मी पायावर डोळे लावून बसले आणि ते दुसरीकडूनच निघून गेले. त्यांनी माझ्याशी शेवटपर्यंत सरळ व्यवहार केला नाही.

या नवरात्रात दुकानासमोर मी बाक टाकला आहे. अनवाणी येणाऱ्यांनी आधी तिथे बसायचं, पाय बादलीत धुवायचे, मग आत. शालू आणि मी तळवे बघतो. काही लोक चिडतात, काही हसतात, एका बाईनं मला वेडी म्हटलं. परवा एक धडधाकट माणूस, पन्नाशीचा, पोट सुटलेलं, बाकाला वळसा घालून आत शिरायला लागला. मी वाटेत उभी राहिले. तो म्हणाला, ताई, कशाला, मी खापरखेड्याचा, दरवर्षी चालतो, माझे पाय कधी दुखतच नाहीत.

मी त्याला दंडाला धरून बाकावर बसवलं.

"मंग तर तूच आधी दाखव," मी म्हटलं.